छाया आणि राहू : तर्काच्या मर्यादेविषयी काही विचार

संस्कृत पाठशाळेत न्यायशास्त्राचा श्रीगणेशा करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती बहुधा अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' प्रथम दिला जातो. ग्रंथ इवलासा, परंतु त्यातील एक विभागणी नवशिक्यास चकित करणारी आहे. अन्नंभट्टाने अनुभवाचे यथार्थ आणि अयथार्थ असे दोन भेद मानले आणि अयथार्थ अनुभवाचे पुन्हा तीन प्रकार सांगितले : संशय, विपर्यय आणि तर्क. संशय म्हणजे दोलायमान ज्ञान आणि विपर्यय म्हणजे मिथ्या ज्ञान, हे सहज पटते. पण ज्या शास्त्राला लोक तर्कशास्त्र म्हणतात, ज्या ग्रंथाचे नावच तर्कसंग्रह, त्यात तर्काला संशयाच्या आणि भ्रमाच्या पंक्तीस बसविलेले पाहून विद्यार्थी गोंधळतो.

गुरुजन त्याचा उलगडा असा करतात. नैयायिकांच्या परिभाषेत तर्क म्हणजे नसलेल्या गोष्टीचा जाणूनबुजून केलेला आरोप होय. डोंगरावर धूर दिसत असता 'येथे अग्नी नसता तर धूरही नसता' असे आपण म्हणतो, तेव्हा क्षणभर अग्नी नाही असे धरून चालतो. ते धरणे खोटे असते. मात्र त्या खोट्याच्या आधाराने खरे अनुमान दृढ होते. म्हणून तर्क हा स्वतः प्रमाण नव्हे. तो प्रमाणाचा साह्यकर्ता आहे. ज्या प्रमाणाला तो साह्य करावयाचा, ते प्रमाणच हाती नसेल किंवा भलतेच असेल, तर तर्क कितीही कुशाग्र असला तरी माणसाला सत्यापर्यंत नेत नाही. उलट तो त्याला त्याच्या आवडीच्या ठिकाणी मोठ्या डौलाने नेऊन पोहोचवितो.

श्रीमठाच्या वर्धापनानिमित्त निघणाऱ्या ह्या ग्रंथासाठी विषय निवडताना हीच गोष्ट मनात घोळत होती. भक्तमंडळींत एक प्रश्न वारंवार निघतो. एखादा विद्वान, अधिकारी, वैद्य किंवा गणिती एखादी अगदीच विलक्षण समजूत उराशी बाळगून असलेला दिसतो आणि लोक म्हणतात, 'एवढा बुद्धिमान मनुष्य, आणि असे कसे मानतो?' ह्या उद्गारात एक गृहीत दडलेले आहे. ते असे की, भ्रम हे अल्पबुद्धीचे फळ होय आणि बुद्धी वाढली की भ्रम आपोआप मावळतो. इतिहास ह्या गृहीताला दुजोरा देत नाही. आपल्याच देशातील ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात ह्याचे एक उत्तम उदाहरण आहे आणि त्या उदाहरणाचा एक धागा महाराष्ट्रातील एका मठापर्यंत येऊन पोहोचतो. तेच येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

इ. स. ४७६ मध्ये जन्मलेल्या आर्यभटाने वयाच्या तेविसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. ४९९ च्या सुमारास, 'आर्यभटीय' रचले. त्यात त्याने दोन गोष्टी स्वच्छ सांगितल्या. पहिली अशी की, आकाशातील तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात ते पृथ्वी स्वतःभोवती पूर्वेकडे फिरते म्हणून. नावेतून पुढे जाणाऱ्यास काठावरील स्थिर वस्तू मागे जाताना दिसाव्या तसा हा प्रकार होय. पृथ्वी एका प्राणात, म्हणजे सुमारे चार सेकंदांत, एक कला फिरते. वर्तुळात २१,६०० कला आणि अहोरात्रात २१,६०० प्राण, असा हा सुबक हिशेब आहे. दुसरी गोष्ट ग्रहणाची. चंद्र सूर्याला झाकतो तेव्हा सूर्यग्रहण होते आणि पृथ्वीची मोठी छाया चंद्राला झाकते तेव्हा चंद्रग्रहण होते.

पहिल्या गोष्टीला जवळजवळ कोणीच रुकार दिला नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराने 'पंचसिद्धांतिके'त आक्षेप घेतला की, पृथ्वी फिरत असती तर आकाशात उडालेले पक्षी आपल्या घरट्यांकडे परत येऊ शकले नसते आणि ध्वज सतत पश्चिमेकडेच फडकत राहिले असते. हा आक्षेप मूर्खपणाचा नाही. पृथ्वीबरोबर वाताचे आवरणही फिरते आणि गतिमान वस्तूवरील सर्व काही तीच गती धारण करते, हे तत्त्व हाती नसलेल्या बुद्धिमान माणसाला हाच आक्षेप सुचेल. सोळाव्या शतकात युरोपातील श्रेष्ठ वेधकार टायको ब्राहे ह्यानेही तोफेच्या गोळ्याचा दाखला देऊन ह्याच जातीचा आक्षेप घेतला होता. वराहमिहिराचा तर्क निर्दोष होता. ज्यावर तो उभा होता ती भूमी सदोष होती.

पुढे तर आर्यभटीयाच्या काही प्रतींत व टीकांत 'भूः' ह्या शब्दाच्या जागी 'भम्' असा पाठ आला. पृथ्वी फिरते ह्याऐवजी नक्षत्रमंडल फिरते असा अर्थ त्यामुळे निघू लागला. ज्यांनी हा पाठ स्वीकारला त्यांना आपण आर्यभटाचा अपमान करीत आहो असे वाटले नसेल. थोर आचार्य अशी विपरीत गोष्ट बोलणारच नाही, अशी त्यांची श्रद्धा असेल. मूळ पाठ 'भूः' असाच होता ह्याची उत्तम साक्ष मात्र आर्यभटाच्या कडव्या विरोधकाच्या ग्रंथात मिळते, कारण खंडन करताना त्याने आर्यभटाचे शब्द जसेच्या तसे उचलले. तो विरोधक म्हणजे ब्रह्मगुप्त.

ब्रह्मगुप्ताचा अधिकार काय वर्णावा! जिष्णूचा हा पुत्र इ. स. ५९८ मध्ये जन्मला. इ. स. ६२८ मध्ये, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, त्याने 'ब्राह्मस्फुटसिद्धांत' लिहिला. तेव्हा चापवंशातील व्याघ्रमुख राजा राज्य करीत होता. शून्य आणि ऋण संख्या ह्यांच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकारांचे नियम त्याने पद्धतशीर सांगितले. वर्तुळात बसणाऱ्या चौकोनाचे क्षेत्रफळ काढण्याची रीती त्याने दिली. वर्गप्रकृती नावाच्या कठीण समीकरणांत त्याने जी गती दाखविली, ती युरोपास पुढे हजार वर्षांनी साधली. जगातील श्रेष्ठ गणित्यांच्या मालिकेत ज्याचे नाव निःशंकपणे घ्यावे असा हा पुरुष.

ह्या पुरुषाने आपल्या ग्रंथाच्या गोलाध्यायात म्हटले आहे की, ग्रहण राहू करीत नाही असे म्हणणारे वराहमिहिर, श्रीषेण, आर्यभट आणि विष्णुचंद्र हे लोकप्रसिद्धीच्या व श्रुति-स्मृति-संहितांच्या विरुद्ध बोलतात. राहू नसेल तर ग्रहणकाली सांगितलेली स्नान, दान, होम इत्यादी कर्मे निष्फळ ठरतील, अशी त्याची भीती आहे. मग तो एक मार्ग काढतो. ब्रह्मदेवाच्या वराने राहू हा चंद्रग्रहणाच्या वेळी पृथ्वीच्या छायेत शिरतो आणि सूर्यग्रहणाच्या वेळी चंद्रबिंबात शिरतो. म्हणून छाया झाकते हेही खरे आणि राहू ग्रासतो हेही खरे!

आता गंमत अशी की, त्याच ग्रंथात ग्रहणाचे गणित मांडताना ब्रह्मगुप्त राहूचे आकारमान कोठेही विचारीत नाही. तेथे पृथ्वीच्या छायेचा व्यास आहे, चंद्रबिंबाचा व्यास आहे, शर आहे, स्थितीचा काल आहे. हिशेबाच्या पाटीवर राहूला जागाच नाही. हात छायेचे गणित करतो आणि मुख राहूचे नाव घेते.

ही विसंगती एका परदेशी पंडिताच्या नजरेतून सुटली नाही. इ. स. ९७३ मध्ये जन्मलेला अल्बेरूनी हा गझनीच्या महमूदाच्या काळात हिंदुस्थानात आला, येथे संस्कृत शिकला आणि इ. स. १०३० च्या सुमारास त्याने आपला सुप्रसिद्ध ग्रंथ अरबीत पूर्ण केला. ब्रह्मगुप्ताच्या गणितावर तो लुब्ध आहे. पण ग्रहणाच्या प्रकरणात त्याने ब्रह्मगुप्ताला धारेवर धरले आहे. छायेचे गणित करणारा हा मनुष्य स्वतःच्या सदसद्विवेकाविरुद्ध असे कसे लिहितो, असे तो विचारतो. त्याला उत्तर सुचते ते असे : सॉक्रेटिसावर आला तसा काही प्रसंग ह्या तरुणावर गुदरला असावा आणि म्हणून, एवढे ज्ञान असूनही, त्याने लोकमतापुढे मान तुकविली असावी.

अल्बेरूनीचे हे अनुमान उदार अंतःकरणाचे आहे. पण ते पुरेसे वाटत नाही. ज्याने तिसाव्या वर्षी आर्यभटासारख्या आचार्याच्या ग्रंथावर स्वतंत्र अध्याय लिहून एकेक दोष काढला, तो भित्रा असेल हे मनाला पटत नाही. माझ्या अल्प मतीस त्याच्या लेखनात तीन कारणे दिसतात आणि ती तिन्ही आजच्या बुद्धिमान माणसांतही जशीच्या तशी आढळतात.

पहिले कारण म्हणजे प्रतिपक्षाविषयीचा आकस. जे मत विरोधकाचे, ते खोटेच असले पाहिजे, असे वादाच्या भरात वाटू लागते. विशेष हे की, पुढे इ. स. ६६५ मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी, ह्याच ब्रह्मगुप्ताने 'खंडखाद्यक' हा करणग्रंथ लिहिला, तो आर्यभटाच्याच गणनेशी जुळता. वयाने आकस ओसरला असावा.

दुसरे कारण अधिक खोल आहे. एखाद्या समजुतीवर आपल्या जीवनातील काहीतरी प्रिय आणि पवित्र असे टांगलेले असते. ग्रहणाचे स्नान, दान, जप ह्यांवर ब्रह्मगुप्ताची निष्ठा होती. राहू गेला तर ते सारे जाईल असे त्याला वाटले. मनुष्य चुकीच्या कल्पनेला घट्ट धरून बसतो, तेव्हा पुष्कळदा त्या कल्पनेवर त्याचे प्रेम नसते. तिच्या आडोशाला असलेल्या वस्तूवर असते. हे न ओळखता केवळ कल्पनेवर घाव घालणारा टीकाकार म्हणूनच यशस्वी होत नाही.

तिसरे कारण म्हणजे खुद्द बुद्धीच. सामान्य मनुष्यापुढे दोन परस्परविरुद्ध गोष्टी आल्या म्हणजे तो एक सोडतो, एक धरतो. बुद्धिमान मनुष्याला दोहोंचा समन्वय करता येतो. राहू छायेत शिरतो, ही तोड सुचायला ब्रह्मगुप्ताची प्रज्ञाच हवी! बुद्धी ही न्यायाधीशाचे काम करते तशीच वकिलाचेही करते. पक्षकार मनाने आधी निवडलेला असतो. बुद्धी त्याची बाजू मांडते. वकील जितका निष्णात, तितका पक्षकार अधिक काळ सुरक्षित. बुद्धिमंतांचे भ्रम दीर्घायुषी का असतात, ह्याचे उत्तर येथे आहे.

आता महाराष्ट्राकडे वळू. इ. स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये 'सिद्धांतशिरोमणी' पूर्ण केला. ग्रहणात झाकणारा पदार्थ एकच नाही, हे त्यांनी ज्या रीतीने दाखविले ती रीत मुळातून अभ्यासावी अशी आहे. चंद्रग्रहणात चंद्राची पूर्वेकडील कड प्रथम काळवंडते, सूर्यग्रहणात सूर्याची पश्चिमेकडील. अर्धग्रस्त चंद्राची शिंगे बोथट दिसतात आणि ग्रहण पुष्कळ वेळ टिकते, अर्थात झाकणारे बिंब मोठे आहे. अर्धग्रस्त सूर्याची शिंगे तीक्ष्ण असतात आणि ग्रहण लवकर सुटते, अर्थात झाकणारे बिंब लहान आहे. एकच राहू दोन्ही ठिकाणी असता तर हा भेद का पडावा? प्रत्यक्ष पाहून त्यावरून केलेले असे शुद्ध अनुमान जगाच्या शास्त्रीय वाङ्मयातही क्वचितच मिळेल. आणि हे सारे सांगून झाल्यावर भास्कराचार्यही वराने छायेत शिरणाऱ्या राहूला थोडी जागा करून देतात, आगमाशी विरोध नको म्हणून!

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून त्याने आजच्या जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटणे येथे एक मठ स्थापिला. त्याची हकीकत सांगणारा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेखाचा मोठा भाग संस्कृत असून अखेरचा दानविषयक भाग जुन्या मराठीत आहे. निकुंभवंशीय सोइदेवाने शके ११२८ मध्ये (इ. स. १२०७) श्रावणी पौर्णिमेस ह्या मठाला उत्पन्न लावून दिले. आणि ते केव्हा? लेख सांगतो, चंद्रग्रहणाच्या समयी!

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ज्या मठात पृथ्वीच्या छायेचे माप शिकवावयाचे, त्या मठाला दान मिळाले ते पृथ्वीची छाया चंद्रावर पडली असता. ते दान राहूमुळे फळाला आले असे कोणी म्हणेल काय? ते फळाला आले ते दात्याच्या संकल्पामुळे आणि त्या दानावर शिकलेल्या मुलांमुळे. ब्रह्मगुप्ताला जी भीती वाटत होती, की राहू गेला तर दान निष्फळ होईल, तिचे निरसन पाटण्याच्या त्या दगडावर कोरून ठेवलेले आहे. प्रिय वस्तू कल्पनेच्या आधारावाचून उभी राहू शकते, हे तेथे प्रत्यक्ष दिसते.

राहू हे नावही वाया गेले नाही. चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताशी सुमारे पाच अंशांचा कोन करते. त्या दोन वर्तुळांचे जे दोन छेदनबिंदू, त्यांना पंचांगात राहू आणि केतू म्हणतात. पौर्णिमा किंवा अमावास्या ह्या बिंदूंच्या जवळ घडली तरच ग्रहण लागते. एरवी चंद्र छायेच्या वरून किंवा खालून निघून जातो. हे बिंदू उलट्या गतीने सुमारे साडेअठरा वर्षांत एक फेरी पुरी करतात. जुने नाव राहिले, अर्थ पालटला. परंपरेत असे अनेकदा घडते आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

येथवर वाचून एखाद्या आधुनिक वाचकास वाटेल की, हा दोष श्रद्धाळूंचा होय; निखळ संशयवादी त्यातून मुक्त असतो. इतिहास हीही समजूत टिकू देत नाही. समुद्राची भरती-ओहोटी चंद्रामुळे होते असे केपलर म्हणत होता. गॅलिलिओने इ. स. १६३२ च्या आपल्या प्रसिद्ध 'संवादा'त त्याचा उपहास केला. चंद्राची पाण्यावर सत्ता चालते ही त्याला जादूटोण्याच्या जातीची कल्पना वाटली. भरती पृथ्वीच्या गतीमुळे पाणी हिंदकळून येते, असे त्याने मोठ्या कौशल्याने सिद्ध करू पाहिले. पृथ्वी फिरते हे त्याचे मत खरे होते. त्यासाठी दिलेले भरतीचे प्रमाण खोटे होते. इ. स. १६८७ मध्ये न्यूटनने चंद्राच्या आकर्षणाने भरतीचा उलगडा केला. अंधश्रद्धेला भिऊन पळताना गॅलिलिओने सत्यच मागे टाकले होते.

दुसरा दाखला आकाशातून पडणाऱ्या दगडांचा. इ. स. १७६८ मध्ये फ्रान्समधील ल्यूसे गावी शेतकऱ्यांनी दगड पडताना पाहिला. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने तो तपासला. तपासणाऱ्यांत आधुनिक रसायनशास्त्राचा जनक लाव्हाझिए होता. निर्णय झाला की, हा जमिनीवरचाच दगड असून त्यावर वीज पडलेली असावी. आकाशात दगड नाहीत, मग ते पडतील कोठून? तर्क बिनतोड होता. पुढे इ. स. १७९४ मध्ये क्लाड्नी ह्या जर्मन पंडिताने असे दगड खरोखर अंतराळातून येतात असा ग्रंथ लिहिला, तर त्याची थट्टा झाली. त्यानंतर १९ डिसेंबर १७९८ रोजी आपल्या काशीजवळ क्राखुट येथे अग्निगोल दिसून दगड पडले. त्या दगडांचे व इतर ठिकाणच्या तशाच दगडांचे रासायनिक परीक्षण इंग्लंडातील हॉवर्ड ह्याने इ. स. १८०२ मध्ये प्रसिद्ध केले. जमिनीवरच्या दगडांहून निराळे आणि परस्परांशी जुळणारे असे ते निघाले. त्यांतील लोहात निकेल होते. २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समध्येच लेग्ल येथे हजारो दगडांचा वर्षाव झाला. बियो नावाच्या शास्त्रज्ञाने गावोगाव हिंडून खेडुतांच्या साक्षी घेतल्या, तेव्हा कोठे पंडितांनी हे मान्य केले. ह्या प्रकरणात अशिक्षित शेतकरी खरे बोलत होते आणि अकादमीचा संशय खोटा ठरला. आप्तवाक्य प्रमाण मानावे की नाही, हा केवळ आपल्या पाठशाळेतील वाद नाही, हे ह्यावरून दिसेल.

तिसरा दाखला आपल्या किनाऱ्यावरचा आहे आणि थोडा नाजूक आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी हिंदुस्थानातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. त्या वेळी सूर्याच्या प्रकाशपटात जी पिवळी रेषा आढळली, तिच्यावरून पुढे हेलियम ह्या वायूचा शोध लागला. हा शोध नॉर्मन लॉकियर ह्याने त्या दिवशी विजयदुर्गच्या किल्ल्यावरून लावला, असे सुशिक्षित लोक अभिमानाने सांगतात. वस्तुस्थिती अशी की, इ. स. १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडात होता. त्याने त्या वर्षीच्या २० ऑक्टोबरला, ग्रहणावाचूनच, सूर्याच्या कडेचा प्रकाशपट पाहिला. त्या ग्रहणाचे वेध फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन ह्याने गुंटूर येथे घेतले. आपल्या सीमाभागातील जमखंडी येथे लेफ्टनंट जॉन हर्शेल ह्याने घेतले. लॉकियर विजयदुर्गला आला तो तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी. दोन ग्रहणे एक झाली आणि एक गोड कथा जन्मास आली. हिच्यात राहू नाही, वर नाही; सारी भाषा विज्ञानाची आहे. तरीही तिला जन्म देणारी प्रेरणा तीच जुनी : प्रिय वस्तूवरील, येथे आपल्या किल्ल्यावरील, प्रेम. विजयदुर्गला थोरपण यावयास ह्या कथेची गरज नाही, ही गोष्ट वेगळी.

मग करावे काय? तर्क अपुरा, श्रद्धा भुलविणारी, संशयही चुकणारा. ह्याचे उत्तर आपल्या आचार्यपरंपरेत फार पूर्वी दिलेले आहे. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादातील अकराव्या सूत्रात तर्काला स्थिर प्रतिष्ठा नाही असा विचार येतो. त्यावरील भाष्यात श्रीशंकराचार्य दाखवितात की, एका कुशल पुरुषाने मोठ्या यत्नाने उभारलेले अनुमान त्याहून कुशल दुसरा पुरुष पाडतो आणि त्याचे तिसरा. कपिल, कणाद ह्यांच्यासारख्या थोरांतही मतभेद आहेतच. पण तेवढ्यावर भाष्य थांबत नाही. सर्वच तर्क निराधार म्हणावा तर हे म्हणणेही तर्कानेच सिद्ध करावे लागेल आणि जगाचा व्यवहारही बंद पडेल, ही शंकाही तेथे मोकळेपणाने मांडली आहे. व्यवहारातील कित्येक बाबतींत तर्काची प्रतिष्ठा आचार्य मान्य करतात. अतिगंभीर परमार्थाच्या विषयात तो एकटा पुरत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

ही झाली तर्काची मर्यादा. आता दुसरी बाजू पाहावी. गीतेच्या अठराव्या अध्यायातील सहासष्टाव्या श्लोकावरील भाष्यात तेच आचार्य सांगतात की, अग्नी थंड आहे किंवा प्रकाशहीन आहे असे शंभर श्रुतींनी सांगितले तरी त्या बाबतीत त्यांना प्रामाण्य येत नाही. श्रुतीचे प्रामाण्य प्रत्यक्षादी प्रमाणांना अगोचर अशा विषयात आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूविषयी नाही. श्रुतीवर ज्यांची परमनिष्ठा, त्या आचार्यांनी श्रुतीलाही तिचे क्षेत्र नेमून द्यावे, ह्यातच त्यांचे थोरपण आहे.

ह्या दोन वचनांच्या प्रकाशात वरील सर्व दाखले पुन्हा पाहिले म्हणजे रोगाचे निदान होते. ब्रह्मगुप्ताने प्रत्यक्ष आणि गणित ह्यांच्या क्षेत्रात आगमाला साक्षीस बोलाविले. गॅलिलिओने आणि अकादमीने प्रत्यक्षाच्या आणि साक्षीच्या क्षेत्रात तर्काला सिंहासनावर बसविले. विजयदुर्गच्या कथाकारांनी इतिहासाच्या क्षेत्रात अभिमानाला पुरावा मानले. बुद्धी कोणाचीच कमी नव्हती. प्रत्येकाने एका प्रमाणाला दुसऱ्याच्या शेतात नांगर धरायला लावला. म्हणून बुद्धिमान माणसाचा भ्रम दिसला असता 'हा मूर्ख झाला काय?' असे विचारू नये. 'ह्याने कोणते प्रमाण कोठे वापरले, आणि कोणती प्रिय वस्तू वाचविण्यासाठी?' असे विचारावे. आणि हा प्रश्न दुसऱ्यास विचारण्याआधी स्वतःस विचारावा. गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थांच्या गणनेत प्रमाण आणि प्रमेय ह्यांच्या लगोलग संशय येतो. संशयाला तेथे पाप मानलेले नाही. विचाराचे दार मानले आहे. मात्र दारातच घर करून राहणे हेही शहाणपणाचे नव्हे.

अखेरीस व्यवहाराचे दोन शब्द. ग्रहणकाली श्रीमठात भक्तमंडळी स्नान, जप, दान करतात, ते उत्तमच आहे. आकाशात एवढी मोठी घटना घडत असता चित्त अंतर्मुख करावे, ह्यास कोणत्याही विज्ञानाची हरकत नाही. परंतु कित्येक घरांतून गरोदर सुनांना अंधाऱ्या खोलीत बसवून पाण्याचा घोटही दिला जात नाही आणि त्यामागे गर्भाला व्यंग येईल ही भीती असते. छाया ही छायाच आहे. गर्भावर तिची सत्ता चालत नाही. तहानलेल्या मातेच्या देहावर मात्र उपवासाची सत्ता चालते. इ. स. १७९० च्या सुमारास पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी रचलेल्या 'धर्मसिंधू'तही ग्रहणाच्या वेधाचे नियम सांगताना बाल, वृद्ध आणि आतुर ह्यांना सवलत दिली आहे. गर्भवतीला त्या सवलतीत घेणे हे शास्त्राच्या दयाळू अंतःकरणाला धरूनच होईल. दुसऱ्या बाजूने, जुने ते सारे खोटे असे मानून उघड्या डोळ्यांनी ग्रस्त सूर्याकडे टक लावणाऱ्या तरुणांनाही सांगितले पाहिजे की, त्याने नेत्रपटलास कायमची इजा होते. वडील माणसे 'पाहू नको' म्हणत, त्यात एवढे सत्य निश्चित होते.

पाटण्याच्या मठात आज कोणी पाठ घेत नाही. तेथे तो शिलालेख तेवढा त्याची साक्ष देतो. त्या लेखाने आपल्यासारख्या मठांवर एक ऋण ठेविले आहे. ग्रहण लागले असता एका हाताने दान सोडावे आणि दुसऱ्या हाताने मुलांना छायेचे गणित शिकवावे, ही रीत आपल्या पूर्वजांना आठशे वर्षांपूर्वी साधली होती. आपल्या मठाच्या पाठशाळेतही ती साधावी, एवढीच श्रीगुरुचरणी प्रार्थना.